ईस्ट एंडमधला १८६६ चा कॉलरा: गरिबीने मारलं की पाण्याने?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही लंडनच्या पूर्वेला, बो भागात राहता. स्थानिक इतिहासाच्या हौसेपोटी १८६६ सालच्या मृत्यूनोंदी चाळताय. बो, पॉपलर, स्टेपनी, व्हाइटचॅपल इथे त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याने माणसं पटापट गेलेली दिसतात. त्याच दिवसांत क्लार्कनवेल, होबर्नकडच्या गल्ल्यांमध्ये मात्र तुरळक मृत्यू आहेत, आणि तिथे दाटी, दारिद्र्य, घाण काही कमी नव्हती. तुम्ही विचारता: गरिबी आणि अस्वच्छता हेच कारण असेल तर हा फरक कशामुळे? आणि डॉक्टरने पंपाचा दांडा काढायला लावला नि साथ थांबली, ही गोष्ट कितपत खरी धरायची?

मी निवृत्तीपर्यंत महाराष्ट्रात नगरपालिका आणि जिल्हा पातळीवर साथरोगाचं काम केलं. इतिहासकार नाही. पण साथीचा माग कसा काढायचा हे शास्त्र बऱ्याच अंशी तुमच्याच शहरात घडलं, त्यामुळे लंडनच्या १८५४ आणि १८६६ च्या साथी आमच्या धंद्यात सगळ्यांनाच पाठ असतात. नव्याने रुजू झालेल्या आरोग्य सेवकांना मीही त्याच शिकवत आलो.

सरळ उत्तर हवं असेल तर: पाण्याने. पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्याच वर्षीच्या नोंदींत पुन्हा अडकाल. कारण खरी गोम आहे ती तुम्ही मृत्यू कोणत्या नकाशावर मांडताय यात. नोंदी पॅरिश (चर्चच्या हद्दीवर बेतलेला स्थानिक विभाग) आणि नोंदणी जिल्ह्याप्रमाणे लिहिलेल्या आहेत. रोगाला ती हद्द ठाऊक नसते. कॉलरा नळाच्या हद्दीने चालतो, टायफस खोलीच्या चार भिंतींनी, देवी माणसांच्या येण्याजाण्याने. तुम्ही सगळ्यांना एकाच नकाशावर बसवलंत की फरक विचित्र दिसणारच.

आधी त्या नोंदींविषयी थोडं सावध करतो, कारण काही गोष्टी तुमच्या हातात नेमकी कोणती नोंद आहे त्यावर अवलंबून आहेत.

मृत्यू जिथे झाला तिथे तो नोंदला जाई. व्हाइटचॅपल रोडवर लंडन हॉस्पिटल होतं. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतले रुग्ण तिथे येऊन दगावले की आकडा व्हाइटचॅपलच्या नावावर चढण्याचा धोका. वर्कहाउसचंही (निराधार गरिबांना ठेवायची सार्वजनिक संस्था) तेच. आमच्याकडे सिव्हिल हॉस्पिटल ज्या वॉर्डात, त्या वॉर्डाचा मृत्यूदर कागदावर कायम भडकलेला असायचा आणि नवीन डॉक्टर दरवेळी तिथेच सर्वेक्षणाला पळायचे. तेव्हा तुमच्या नोंदीत राहण्याचा पत्ता आहे की फक्त मृत्यूचं ठिकाण, हे पहिल्यांदा बघा. दुसरं, निदान. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कॉलरा ठरवणं हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढल्यानंतरचं. १८६६ चा डॉक्टर लक्षणांवर लिहायचा: कुणी कॉलरा, कुणी नुसता अतिसार. म्हणून कॉलऱ्याच्या रकान्याशेजारी अतिसाराचा रकाना ठेवून दोन्ही एकत्र वाचा. जुलैअखेरीस दोन्ही एकदम उसळले असतील तर दोन्ही एकाच घटनेचे आहेत. तिसरं, भागायचं कशाने? हाताशी जनगणना १८६१ ची, आणि गोदीच्या बाजूची वस्ती त्या काळात झपाट्याने वाढत होती. त्यामुळे दर हजारी आकडा दशांशापर्यंत काढण्यात अर्थ नाही. पाचपट-दहापट फरक दिसतो का, एवढंच बघा. १८६६ मध्ये तो दिसतो.

आता मुख्य विषय. लंडनला पाणी सरकार देत नव्हतं, खासगी कंपन्या देत होत्या, आणि प्रत्येकीचा आपला इलाखा होता. ईस्ट एंडला ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनी, ली नदीचं पाणी. क्लार्कनवेल-होबर्नच्या बाजूला न्यू रिव्हर कंपनी, जिचा कालवा हर्टफर्डशरकडून सतराव्या शतकापासून येत होता. म्हणजे तुमच्या दोन वस्त्या गरिबीत सारख्या, पण त्यांच्या नळात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी होतं. तुमच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं ती हकीकत मात्र जरा सावकाश सांगतो, कारण त्यात एका हुशार माणसाने आपलं मत बदललंय, आणि आमच्या क्षेत्रात ते फार दुर्मिळ आहे.

विल्यम फार हे इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातले आकडेतज्ज्ञ. १८४९ च्या साथीत लंडनमध्ये सुमारे चौदा हजार माणसं मेली. फारनी जिल्हावार आकडे मांडले आणि त्यांना एक देखणा नियम सापडला: थेम्सच्या पातळीपासून वस्ती जितकी उंचावर, तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. आलेख इतका स्वच्छ की आजही बघताना मोह होतो. त्यांचा निष्कर्ष तेव्हाच्या समजुतीला धरूनच होता: नदीकाठी सडलेल्या मळाची दुर्गंधी दाट, वर चढत जावं तशी विरळ, म्हणून रोगही विरळ. आकडे खरे होते, अर्थ चुकला होता. सखल भागातले लोक नदीच्या खालच्या, गटारं मिसळलेल्या टप्प्यातलं पाणी पीत होते आणि उंचावरचे बहुतेक दुसरीकडचं. उंची आणि पाणी एकमेकांना चिकटून चालत होते. एकाला धरलं की दुसरं आपोआप येत होतं. तुमचं ‘गरिबी की पाणी’ हेही अगदी याच जातीचं कोडं आहे. दोन गोष्टी जोडीने फिरत असल्या की आकड्यांकडे नुसतं बघत बसून त्या सुटत नाहीत. त्या जिथे फारकत घेतात अशी जागा शोधावी लागते.

ती जागा जॉन स्नो यांना, म्हणजे तुमच्या पंपाच्या गोष्टीतल्या डॉक्टरांना, १८५४ मध्ये मिळाली, आणि ती सोहोमधल्या ब्रॉड स्ट्रीटचा तो पंप नव्हे. दक्षिण लंडनमध्ये साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लॅम्बेथ अशा दोन कंपन्या एकाच रस्त्यावर, कधी शेजारशेजारच्या घरांना पाणी देत होत्या. दोन्हींचं पाणी थेम्सचंच. पण लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीत वरच्या अंगाला, शहराच्या गटारांच्या पलीकडे नेला होता. दुसरीने नेला नव्हता. श्रीमंत-गरीब, उंच-सखल, दुर्गंधी, सगळं सारखं. फरक फक्त नळाचा. अडचण एकच होती: बऱ्याच भाडेकरूंना आपल्याला पाणी कोण देतं हे माहीतच नसायचं, पाणीपट्टी घरमालक भरायचा. स्नोंनी मग युक्ती काढली. खालच्या टप्प्यातल्या थेम्समध्ये भरतीचं खारं पाणी मिसळतं. घरातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण टाकलं की साउथवर्कच्या पाण्यात पांढरा दाट साका उतरायचा, लॅम्बेथच्या पाण्यात जेमतेम धूसरपणा. बाटली हातात धरून कंपनी ओळखता येत होती. दर दहा हजार घरांमागे साउथवर्क-वॉक्सहॉलच्या घरांत ३१५ मृत्यू निघाले, लॅम्बेथच्या घरांत ३७.

पंपाची गोष्ट याच्या तुलनेत लहान आहे, पण तुम्ही विचारलीय म्हणून. सोहोमधली ती साथ ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी उसळली. ७ सप्टेंबर १८५४ ला स्नोंनी पॅरिशच्या मंडळापुढे बाजू मांडली, ८ ला दांडा निघाला. तोवर मृत्यू उतरणीला लागलेच होते, कारण बरीचशी वस्ती पळून गेली होती. हे स्नोंनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. मात्र दांडा काढणं निरर्थकही नव्हतं. त्या भागातले पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी नंतर घरोघर फिरून पहिली केस शोधली: ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ. त्याच्या लंगोट्या धुतलेलं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात जायचं आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. बाळ गेलं आणि पुढे त्याच घरात बाळाचा बाप आजारी पडला, तो नेमका ८ सप्टेंबरला. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी खड्ड्यात नव्याने विष जायला सुरुवात झाली होती. दांडा जागेवर असता तर दुसरी लाट येण्याची पूर्ण शक्यता होती. ‘साथ थांबवली’ यापेक्षा ‘दुसरी येऊ दिली नाही’ हे जास्त बरोबर. पण असल्या न आलेल्या लाटेचं श्रेय कुणी कुणाला देत नाही, हे या खात्यात राहून चांगलं कळतं.

सोहोच्या तपासणीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. स्नो आजारी पडलेल्यांच्या मागे जितके गेले तितकेच, जे आजारी पडायला हवे होते पण पडले नाहीत त्यांच्याही मागे गेले. पंपाच्या जवळच्या दारूभट्टीतल्या कामगारांना काही झालं नाही. ते बियर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसमध्ये पाचशेवर माणसं, तीही सगळ्यात दुबळी, चारी बाजूंनी साथीने वेढलेली. तिथे पाचच मृत्यू. त्यांच्याही आवारात विहीर होती. आणि उलट बाजूने, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली, जिथे कॉलऱ्याचा मागमूस नव्हता. चौकशी केली तर बाईंना जुन्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून मुलं गाडीवरून रोज बाटली पाठवत होती. इस्लिंग्टनहून आलेल्या भाचीनेही तेच पाणी प्यायलं आणि तीही गेली. दुर्गंधी सोहोहून हॅम्पस्टेडला निवडून एकाच घरात गेली असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार?

तर आता १८६६. स्नो १८५८ मध्येच वारले होते. अभियंते बाझलजेट यांची मोठी गटारयोजना बऱ्यापैकी पूर्ण झाली होती, पण सगळी नाही: पूर्वेकडचं सांडपाणी उपसणारं ॲबी मिल्सचं पंपिंग स्टेशन १८६८ मध्ये सुरू झालं. म्हणजे तुमचा भाग अजून जुन्या व्यवस्थेवर होता. त्यात जून महिन्याच्या अखेरीस ब्रॉमली-बाय-बो इथला हेजिस नावाचा मजूर आणि त्याची बायको एकाच दिवशी, २७ जूनला, कॉलऱ्याने गेले. त्यांच्या घरचा संडास ली नदीत सुटत होता, बो पुलाजवळ. तिथून थोड्याच अंतरावर ओल्ड फोर्डचे कंपनीचे साठवणतलाव. ली तिथे तेव्हा भरती-ओहोटीची नदी होती, पाणी वर-खाली व्हायचं. जुलैच्या मध्यापासून पूर्व लंडनमध्ये मृत्यू एकदम चढले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शिखर गाठलं. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास माणसं कॉलऱ्याने गेली, त्यातली बहुतेक एकट्या ईस्ट एंडमधली.

फार दर आठवड्याला लंडनचे मृत्यू छापत होते. या वेळी त्यांनी उंचीचा आलेख बाजूला ठेवला आणि मृत्यू कंपनीनुसार मांडले. साथीची हद्द ईस्ट लंडन कंपनीच्या इलाख्याशी जुळली. ज्याने एकेकाळी दुर्गंधीच्या बाजूने आकडे रचले, त्यानेच सरकारी पत्रकात पाण्याकडे बोट दाखवलं. लोकांना पाणी उकळून प्या असं सांगणारी पत्रकं लागली.

कंपनीने काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तिच्या अभियंत्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून ठामपणे सांगितलं की कित्येक वर्षांत न गाळलेल्या पाण्याचा एक थेंबही आम्ही दिलेला नाही. यानंतर एक-दोन ग्राहकांनी पुढे येऊन सांगितलं की त्यांच्या नळात ईल मासे सापडले. वाळूच्या गाळणीतून ईल जात नाही, याला डॉक्टर लागत नाही. सरकारी चौकशीत निघालं की ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावांतलं पाणी बंदिस्त टाकीत अधूनमधून सोडलं जात होतं. १८५२ चा कायदा सांगत होता की घरगुती पाणी गाळलेलं हवं आणि सेंट पॉल्स कॅथेड्रलपासून पाच मैलांच्या आतले तलाव झाकलेले हवेत. ही चौकशी करणारे जॉन नेटन रॅडक्लिफ यांच्या अहवालात हे सगळं तपशीलवार आहे. ग्रंथालयात तो मिळाला तर तोच आधी वाचा, बाकीचं नंतर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हेजिस कुटुंबाच्या संडासातूनच तलावात जंतू गेला, हा अंदाज आहे. फार मजबूत अंदाज, पण त्या वेळी जंतू तपासायची सोयच नव्हती. नदीच्या त्या टप्प्यात दुसऱ्याही कुणाचा मैला पोचला असेल. पाणी दोषी होतं याबद्दल मात्र मला काडीमात्र शंका नाही.

पाणी तलावात बिघडलं तरी सगळ्या घरांना सारखं का भोवलं नाही, हा यातून निघणारा उपप्रश्न. त्याला उत्तर देताना मी लंडनपेक्षा आपल्याकडचा अनुभव जास्त विश्वासाने सांगू शकतो. ईस्ट एंडच्या गरीब गल्ल्यांत चोवीस तास पाणी नव्हतं. दिवसाचा ठरावीक थोडा वेळ, तोही पुष्कळदा अनेक घरांत मिळून एका नळाला. लोक पिंपात भरून ठेवायचे, पिंप अंगणात, संडासाच्या शेजारी, बहुधा झाकण नसलेलं. आपल्याकडच्या कित्येक गावांचं हे आजचं वर्णन आहे. पाणी बंद असताना वाहिनीत दाब राहत नाही, आणि जिथे जोड सैल किंवा पाइप फुटका असतो तिथे बाहेरचा गाळ आत ओढला जातो. पाणी सुटलं की पहिली धार तोच गाळ घेऊन येते.

एका तालुक्याच्या गावी पावसाळ्याच्या तोंडावर गॅस्ट्रोची साथ आली होती. वॉर्डनिहाय तक्ता केला तर रुग्ण तीन वॉर्डांत विखुरलेले, काही संगती लागेना. कार्यालयात चर्चा सुरू झाली ती पाणीपुरीच्या गाड्यांची. शेवटी पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला बोलावलं. हा माणूस गावात कोणाच्या खिजगणतीत नसतो, पण नळाचा नकाशा फक्त त्याच्याच डोक्यात असतो. त्याला रुग्णांचे पत्ते वाचून दाखवले. दहा-बारा पत्ते ऐकल्यावर तो म्हणाला, “साहेब, ही सगळी घरं मारुती मंदिराच्या व्हॉल्व्हवरची. पहाटेच्या पाळीची.” वॉर्ड तीन, पण व्हॉल्व्ह एकच. पहाटे जाऊन त्या लाइनच्या टोकाच्या घरी पाणी घेतलं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं द्रावण) थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पिवळं व्हायला हवं होतं, पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्या पाळीच्या घरी तेच थेंब टाकले, पिवळं. लाइन जिथे नाला ओलांडत होती तिथे खणलं तर जोडातून पाणी झिरपत होतं आणि वर नाल्याचं पाणी उभं. पाणीपुरीवाल्यांची मग सुटका झाली. त्यांचा धंदा मात्र पुढे बरेच दिवस बसला.

हे सांगायचं कारण असं की स्नो यांचं सिल्व्हर नायट्रेट आणि आमचे ओटीचे थेंब एकाच कामाचे: हे घर कोणत्या पाण्यावर आहे ते घराच्या मालकाला न विचारता कळणं. तुमच्याकडे १८६६ च्या पाण्याच्या बाटल्या नाहीत. पण कंपन्यांच्या हद्दी दाखवणारे नकाशे त्या काळच्या सरकारी अहवालांत आहेत, तेच तुमचं सिल्व्हर नायट्रेट.

१८९२ चं जर्मनीतलं उदाहरण तुमच्या संशयी मित्रांसाठी ठेवा. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. त्या वर्षी तिथे आठ हजारांहून जास्त माणसं कॉलऱ्याने मेली. लागून असलेलं आल्टोना त्याच नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे आणखी घाण पाणी घेत होतं, पण वाळूतून गाळून. आल्टोना जवळपास सुटलं. दोन शहरांची हद्द एका रस्त्यातून जात होती आणि रस्त्याची एक बाजू आजारी, दुसरी ठणठणीत. गरिबीला रस्त्याच्या मध्यावर असं थांबता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग गरिबीचा काहीच संबंध नाही? आहे, आणि भरपूर आहे. पण दुसऱ्या रोगांत. तुमच्या नोंदींत १८६६ च्या मागे-पुढे बघाल तर कॉलरा हा पाहुणा होता. १८३२, ४८-४९, ५३-५४, ६६ असा चार वेळा आला, माणसं घाबरवून गेला. घरातले कायमचे मारेकरी वेगळे होते: क्षय, गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीव्हर, टायफस आणि तान्ह्यांचा उन्हाळी अतिसार. टायफस उवांनी पसरतो. एका खोलीत सात-आठ माणसं, कपड्यांचा एकच जोड, धुवायला पाणी नाही, तिथे तो राहतोच. कंपनी कोणती का असेना. टायफसचे मृत्यू नकाशावर टाकाल तर क्लार्कनवेलच्या गल्ल्याही तितक्याच काळ्या दिसतील. क्षयाचंही तसंच. एक सूचना इथे: १८६९ च्या आधीच्या नोंदींत टायफस आणि टायफॉइड एकाच रकान्यात आहेत. विल्यम जेनर यांनी १८५० च्या सुमारासच दोन्ही वेगळे असल्याचं दाखवलं होतं, पण सरकारी रकाना बदलायला वेळ लागला. त्यातला एक पाण्याचा रोग, दुसरा उवांचा. एकत्र बेरीज करून निष्कर्ष काढू नका.

तान्ह्यांचा अतिसार तर गटारं झाली, पाणी गाळलं गेलं, कॉलरा परतला नाही, तरी शतकअखेरपर्यंत हटला नाही. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला आकडे चढायचे. उन्हाळा कडक तितके जास्त. त्याचा रस्ता दूध, माश्या आणि दुधाची बाटली असा होता. त्या काळी लांब रबरी नळीची बाटली विकत असत. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या ओढायचं. नळी आतून धुताच यायची नाही. रस्त्यावर घोड्यांची लीद, त्यावर माश्या, माश्या दुधावर. आई कामावर जाणारी असेल तर अंगावरचं दूध लवकर तुटायचं. इथे गरिबी थेट कारण आहे, आणि गटार बांधून ती सुटत नाही. म्हणून १८९० च्या आसपासच्या नोंदी बघताना तुम्हाला वाटेल की एवढं सगळं होऊन बाळं तितकीच मरतायत. ते बरोबरच दिसतंय.

देवीचा वेगळा हिशोब. १८५३ पासून लस सक्तीची, तरी १८७१-७२ ला लंडनमध्ये मोठी साथ आली. त्याच सुमारास शहराने साथीच्या रुग्णांसाठी वेगळी रुग्णालयं उभी केली, होमर्टनचं त्यातलंच. १८८९ च्या कायद्याने लंडनमध्ये ठरावीक साथरोगांची खबर देणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. त्याआधी आरोग्य अधिकाऱ्याला रोग कळायचा तो बहुधा मृत्यूच्या दाखल्यातून, म्हणजे उशीरच. जाता जाता: लंडनच्या पॅरिशांना आरोग्य अधिकारी नेमणं १८५५ च्या कायद्याने भाग पडलं आणि दहाच वर्षांत, १८६५ च्या कायद्याने, मुंबईतही ते पद आलं. माझ्या खुर्चीचं मूळ तिथलंच.

तुम्ही हे काम पुढे नेणार असाल तर मी असं करेन. १५ जुलै ते ऑगस्टअखेर एवढाच काळ घ्या. कॉलरा आणि अतिसार दोन्ही, राहत्या पत्त्यासह. रुग्णालय आणि वर्कहाउसमधले मृत्यू वेगळ्या रंगात ठेवा. त्याच नकाशावर टायफसचे मृत्यू वेगळे टाका. गरिबी काय करते ते त्यातून दिसेल, आणि कॉलऱ्याचे ठिपके त्यापासून कुठे फुटून निघतात तेही. मग ईस्ट लंडन आणि न्यू रिव्हर यांच्या हद्दीची रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच भाड्याच्या, सारख्याच दाटीच्या गल्ल्या शोधा, आणि मोठ्या सरासऱ्या सोडून फक्त त्या जोड्यांची तुलना करा. कुठे रेघेच्या आत एखादी संस्था, भट्टी किंवा शाळा कोरी राहिली असेल तर तिथे थांबा आणि तिची विहीर होती का ते बघा. रेघेबाहेर एखादा सुटा मृत्यू दिसला तर त्या माणसाचा व्यवसाय वाचा. गोदीत, गोदामात, बोटीवर काम करणारा माणूस राहायचा एकीकडे आणि दिवसभर पाणी प्यायचा दुसरीकडे. मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाचा रकाना असतो, आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत.